भेळीच्या कागदावरून निवडलेला संघ

आमच्या शाळेत वाचनाचा संघ काढला तो मराठीच्या शिक्षकांनी नव्हे, खेळाच्या सरांनी. त्या वेळी मराठी शिकवायला मीच होते, त्यामुळे ही कबुली देताना मला आजही जरा जड जातं.

मी मूळची अकलूजची. बी.एड. झाल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत लागले. आजूबाजूला सगळी विणकरांची आणि विडी कामगारांची वस्ती. घरात तेलुगू, रस्त्यावर दखनी आणि शाळेत मराठी, अशी तीन दुकानं पोरं एकाच जिभेवर चालवायची. माझे उच्चार स्वच्छ, माझं वाचन दांडगं, तेव्हा मी इथं येऊन या पोरांवर उपकारच केलेत अशी माझी पहिली दोन वर्षं पक्की समजूत होती.

सर सांगोल्याकडचे, मेंढपाळ घरातले. गडद लाल ट्रॅक पँट, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. शिट्टी ते जेवतानाही काढत नसत. ट्रॅक पँटच्या खिशात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक असायचं. मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली उभं राहून ते पुस्तक उघडायचे आणि ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. आठवड्याला चार पानं. मला हसू यायचं. एकदा मी मोठेपणानं म्हटलं, "सर, हे मी कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलं होतं. शेवटी तो मास्तरच मरतो."

सर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाई, आठ म्हयने झालं त्या मास्तरासंगं चालतोय. तुमी यका वाक्यात मारला की वो त्याला."

मी माफी मागितली. पण पुढं कित्येक दिवस ते पुस्तक उघडताना माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

तर त्या वर्षी शहरातल्या एका वाचनालयानं शाळाशाळांची वाचन स्पर्धा जाहीर केली. पाच मुलांचा संघ, वीस पुस्तकांची यादी, प्रश्नांच्या फेऱ्या, आणि शेवटी संघातल्या एकानं आवडत्या पुस्तकातलं एक पान व्यासपीठावर वाचून दाखवायचं. पत्रक स्टाफरूममध्ये आलं. मी ते वाचून, "हे काही वार्षिक नियोजनात बसत नाही," असं म्हणून बाजूला ठेवलं. सरांनी ते उचललं, बोट धरून दोनदा वाचलं आणि खिशात घातलं.

"सर, ते वाचनाचं आहे," मी म्हटलं.

"संघ लिवलंय की," सर म्हणाले. "संघ म्हणलं की आमचं खातं."

मुख्याध्यापकांकडे त्यांनी शनिवारचा शेवटचा तास मागितला. आमचे मुख्याध्यापक म्हणजे वेळापत्रकाचे निस्सीम भक्त. मराठी इतकं शुद्ध बोलायचे की मीसुद्धा त्यांच्यासमोर वाक्य मनात जुळवून मग उच्चारायची. याच भागात वाढलेले, एवढंच त्यांच्याविषयी ठाऊक होतं. तो तास गणिताच्या जादा सरावाचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "देतो. परंतु संघ पहिल्या तिनात आला पाहिजे. अन्यथा पुढील वर्षी तास गणिताकडे परत जाईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही."

"चालतंय," सर म्हणाले. घासाघीस त्यांना येतच नसे.

मला वाटलं, आता ते माझ्याकडे हुशार मुलांची यादी मागतील. मी तयारसुद्धा ठेवली होती. त्यांनी ती घडी करून टोपीत घातली आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेसमोरचा भेळीचा गाडा सरळ मैदानात आणला. सातवी-आठवीच्या सगळ्या पोरांना भेळ! भेळवाल्याला सांगितलं होतं, पुडे जुन्या वर्तमानपत्राचेच पाहिजेत. पोरांनी भेळ खाल्ली, बोटं चाटली, कागद चुरगाळून टाकले. सर हाताची घडी घालून कडुलिंबाखाली उभे.

"कागद टाकला ती बाद," ते मला हळूच म्हणाले. "उलगडून बगितला, ती आत."

आत आले अकरा. माझ्या यादीतला एकही त्यांत नव्हता. समीर नावाच्या पोरानं तर तेलाच्या डागातून दिसेना म्हणून कागद उन्हात धरला होता. आणि आठवीतली अंबिका स्वतःचा कागद वाचून झाल्यावर इतरांनी टाकलेले कागद गोळा करत फिरत होती. एका बातमीचा अर्धा तुकडा तिच्याकडे होता आणि उरलेला अर्धा तिला हवा होता.

"ही माजी शेवटची चढाई," सर म्हणाले. "पान हीच वाचल."

"सर, काहीतरीच काय! तिला वाचता येत नाही."

हे मी अंदाजानं बोलत नव्हते. जूनमध्ये मी अंबिकाला धडा वाचायला उभं केलं होतं. तिनं तोंड उघडलं, अर्धा शब्द बाहेर आला, तो तिनं गिळला. पुन्हा अर्धा शब्द, पुन्हा गिळला. वर्ग हसला. मी म्हटलं, "बस." आणि तिच्या नावापुढे नोंद केली : प्रकट वाचन असमाधानकारक. त्यानंतर मी तिला उभं केलं नव्हतं आणि ती वर्गात बोलल्याचंही मला आठवत नाही.

सर मैदानावर चुन्याची रेघ ओढत होते. ती त्यांनी आधी पूर्ण केली. मग हात झटकत म्हणाले, "मी चौथीत हुतो. गुर्जींनी वाचाय उभा केला. माजी जीभ अडकली. गुर्जी म्हणले, बस खाली. रागानं न्हाय हो, चांगला मानूस. त्यांना वाटलं, पोराची फजिती नको. पन बसलो त्ये बसलोच. पुढं कुनी उठीवलं न्हाय आन् मी उठलो न्हाय. मैदानात कुनी बस म्हनत न्हाय, म्हनून हिकडं आलो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी बी म्हणला असाल तिला."

मी रेघ बघत राहिले.

सरांचा सराव म्हणजे एक तमाशाच होता. आधी मैदानाला दोन फेऱ्या. मग हातपाय धुऊन, मातीला हात लावून पाया पडायचं आणि मगच पुस्तक हातात घ्यायचं. वाचायचं ते उभ्यानं. बसून वाचणाऱ्याच्या कानाशी शिट्टी वाजायची. पाच खेळाडू, सहा राखीव. एखाद्यानं पुस्तकातला असा प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर येऊ नये, तर ती 'पकड'. कबड्डीच्या गुणपत्रिकेवरच सगळे गुण मांडलेले असत. कुणी अडलं की बाकीच्यांनी सांगायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर नाहीच. फक्त सर म्हणायचे, "दम धर." आणि सगळी पोरं कडुलिंबाखाली निमूट उभी राहायची, ते पोर त्या शब्दातून पार होईपर्यंत. सरावानंतर शेंगदाणे आणि एकेक केळं. पाहता पाहता आमची पोरं यादीतली वीस पुस्तकं संपवून एकविसावं मागू लागली. प्रश्न कळत नसले तर सर मला हाक मारायचे. हळूहळू शनिवारी मी हाकेची वाट बघायला लागले.

अंबिका प्रश्नांत कुणालाच ऐकायची नाही. पण उभं राहून वाचायची वेळ आली की तेच, अर्धा शब्द आणि गिळणं.

दिवाळीनंतर ती दोन दिवस आली नाही, म्हणून सर आणि मी तिच्या घरी गेलो. उंबऱ्याच्या आत सहा-सात बायका मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. कात्र्या पानं कापत होत्या, बोटं चालली होती. मधे अंबिका भिंतीला टेकून उभी होती, उभीच. हातात आपल्या शाळेचं पुस्तक. धरणाखाली जाणाऱ्या गावातली एक मुलगी शाळेची घंटा आणायला चढत्या पाण्यात परत जाते, त्याची ती गोष्ट. अंबिका सलग, न थांबता, पाण्यासारखी वाचत होती. फक्त डोळे मराठीवर होते आणि तोंडातून तेलुगू येत होतं.

मी दारातच खिळले. ती जरा थांबली की तिची आज्जी हातातल्या विडीवरून नजर न काढता विचारायची, "तर्वात?" पुढं काय? बाकीच्या बायकाही म्हणायच्या, "तर्वात?" आणि पोरगी पुढं वाचायची. तिसरीपासून रोज दुपारी ती असं वाचत होती. त्या बायकांना मराठी बोलता येत होतं, पण पुस्तकातलं जड जायचं. म्हणून पोरीनं ही वाट काढली होती. वर्गात मी तिला उभं केलं तेव्हा तिच्या तोंडात आधी तेलुगू आलं, आणि ते बाईंसमोर चालणार नाही म्हणून तिनं ते गिळलं. मी मात्र नोंद करून मोकळी झाले होते, अडखळते म्हणून.

मला रडूच आलं. सर मात्र विचारात पडले, आणि सरांनी विचार केला की काहीतरी बिघडायचंच. बाहेर आल्यावर म्हणाले, "सामन्याआधी पोरांनी भायेरचं खायचं नसतं. पंधरा दिवस हे घरातलं वाचन बंद. जिभेला मराठीची सवय लागू द्या." मी सांगून पाहिलं. पण मैदानावर त्यांचाच शब्द चाले.

अंबिकानं ऐकलं. आणि वाळत चालली. शनिवारी ती नुसती उभी राहायची, अर्धा शब्दही बाहेर येईना. आठव्या दिवशी तिची आज्जी शाळेत आली. पदराला तंबाखूचा वास, हातात पुस्तक. थेट मैदानात गेली आणि सरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, तुमी आमचा गोष्ट कशाला बंद केला?"

"आज्जी, स्पर्धा हाय म्हनून..."

"ती पोरगी पाण्यात गेला. घंटा आणायला गेला. आट दिवस झाला, आमचा हात चालत नाही. बाहेर आला का बुडाला, ते सांगा आधी!"

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मास्तर एका वाक्यात मेल्यावर तीन दिवस अबोला धरणारा हा माणूस. त्यांनी टोपी काढली, आज्जींना हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं माजं. मी सांगनार न्हाय. आज दुपारी अंबिका वाचल." मग पोरांकडे वळून म्हणाले, "म्या चुकलो. मांडा." आणि समीरनं गुणपत्रिकेवर सरांच्या नावापुढे खरोखरच उणे एक मांडला.

स्पर्धेच्या दिवशी प्रश्नांच्या फेऱ्यांत आमची पोरं सुटलीच. शेवटची फेरी राहिली तेव्हा आम्ही दुसरे होतो. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत ताठ बसले होते. तिसऱ्या रांगेत आज्जी आणि त्यांच्या चार मैत्रिणी, अर्ध्या दिवसाचं काम सोडून आलेल्या. आदल्या दिवशी मी सरांना पुन्हा विनवलं होतं की पान समीरला देऊ, तास वाचेल. सर एवढंच म्हणाले, "तास वाचल, पोरगी बसल."

अंबिका ते धरणाचं पुस्तक घेऊन व्यासपीठावर आली. पहिलं वाक्य स्वच्छ मराठीत वाचलं. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच तिची नजर वर गेली, तिसऱ्या रांगेवर. दुसरं वाक्य मराठीत सुरू झालं आणि तेलुगूत संपलं. तिसरं तर अख्खं तेलुगूत. मोठमोठ्या शाळांच्या रांगांतून हसू पसरलं. तिला कळलं. तिनं ओठ मिटले. तो गिळण्याचा आवाज माइकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

परीक्षक बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, "असू दे हं बाळ. बस खाली."

आणि शिट्टी वाजली. बंद सभागृहात खेळाच्या सरांची शिट्टी! पाहुण्यांचा चहा बशीत सांडला. सर मागे उभे राहून ओरडत होते, "टाइम आउट! बसवू नका तिला! उभी हाय की वो आजून ती!"

दोन कार्यकर्ते धावले. सरांना दाराबाहेर नेऊ लागले. जाता जाता ते एकदा वळले. या वेळी आवाज अगदी कडुलिंबाखालचा होता.

"दम धर, अंबिका."

राखीव पोरं उठून उभी राहिली. मग संघातली चौघं. मग मी. कुणी काही बोललं नाही, खोकलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. अंबिकानं पुस्तक छातीजवळ घेतलं, आज्जीकडे बघितलं आणि वाचायला लागली. प्रत्येक वाक्य आधी हळू आवाजात तेलुगूत, तिसऱ्या रांगेसाठी. मग मोठ्यानं मराठीत, सगळ्यांसाठी. एकही शब्द गिळला नाही. वेळ संपल्याची घंटी वाजली तरी ती थांबली नाही. परीक्षक बाईंनी घंटीवाल्याला हातानंच राहू दे म्हटलं. पान संपलं तेव्हा पुस्तकातली मुलगी पाण्यात उतरत होती.

"तर्वात?" तिसऱ्या रांगेतून आज्जींचा आवाज आला, गोष्ट पाठ असूनही. सभागृह पुन्हा हसलं, पण आता ते हसू टोचत नव्हतं.

आम्ही चौथे आलो. वेळेचे गुण गेले आणि शिट्टीचे वेगळे गेले. येताना रिक्षात सर माझ्यासमोर बसले होते, शिट्टी मुठीत धरून. मी म्हटलं, "तास गेला, सर." ते म्हणाले, "व्हय." मग म्हणाले, "पोरगी शेवटपातुर उभी व्हती." आणि रिक्षाबाहेर बघत डोळे पुसले. मीही पुसले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी अंबिका पुस्तकं परत करायला शाळेच्या वाचनालयाच्या खोलीकडे चालली होती, मी तिच्या मागे. व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी तिला थांबवलं. चष्मा काढला, इकडेतिकडे बघितलं आणि घसा साफ केला. मला वाटलं, आता पोरीला शिस्तीवर व्याख्यान.

"तर्वात?" मुख्याध्यापक म्हणाले.

अंबिका बघतच राहिली. मग तिथंच, भिंतीशी उभी राहून तिनं त्यांना तेलुगूत उरलेली गोष्ट सांगितली. मुख्याध्यापक मान खाली घालून ऐकत होते. तासाची घंटा दहा मिनिटं उशिरा झाली, आणि ते शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असावं. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागलं तेव्हा शनिवारच्या शेवटच्या तासापुढे त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : वाचन, क्रीडा विभाग.

सर निवृत्त होऊन गावी गेले. संघ आता मी चालवते. संघ एकदा तिसराही आलाय. भेळवाला हल्ली कोऱ्या कागदात भेळ देतो. छापील कागद चालत नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून मी घरून जुनी वर्तमानपत्रं नेते आणि कोऱ्या पुड्याला बाहेरून गुंडाळायला लावते. तो म्हणतो, "बाई, दोन दोन कागद कशाला?" मी म्हणते, "एक भेळीला, एक संघाला."

गेल्या जुलैत सर आले होते. टोपी तीच, शिट्टी तीच. अंबिका कॉलेजातून शनिवारची येतेच. तिनं ते धरणाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सर, आज तुम्ही वाचा."

"मला कुटं जमतंय, पोरी? माजं सगळं वाचन मनातल्या मनात." पण पोरं सोडेनात. सर उभे राहिले. ओळीखाली बोट ठेवलं. दोन ओळी झाल्या आणि तिसरीत बोट थांबलं. कान लाल झाले. त्यांनी एकदा शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मला इतकं वाईट वाटलं की 'राहू दे सर, बसा' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते.

"दम धरा, सर," पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली. "आमी हाय हितं."

सरांनी श्वास घेतला. तो शब्द पार झाला. मग पुढचा. ते एक पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मधेच शाळा सुटल्याची घंटा झाली, कुणी हललं नाही. पान संपलं. सरांनी पुस्तक मिटायला घेतलं, तेवढ्यात सगळ्या पोरांनी एकदम विचारलं, "तर्वात?"

सरांनी पान उलटलं.